जे पाच जण मागे फिरले

(आमच्या वसतिगृह-कार्याच्या वार्षिक उपकारस्तुती मेळाव्यात वसतिगृहाच्या अधीक्षकांनी केलेले हे भाषण. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



मागच्या वर्षी एका मंडळीत आपल्या कार्याची माहिती देण्यासाठी गेलो होतो. उपासना संपल्यावर एक वयस्कर काकू जवळ आल्या. बरीच वर्षं त्या पेन्शनमधून आपल्या मुलांसाठी पैसे पाठवतात. त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, "सर, चंद्रपूरची ती आदिवासी मुलं एव्हरेस्टवर गेली होती ना? तसं आपल्या वसतिगृहातून कुणी झालं का हो?"

मी जरा अडखळलो. "नाही काकू, अजून नाही," एवढंच म्हणालो. परतीच्या एसटीत ब्रह्मपुरी मागे पडली तरी तो प्रश्न डोक्यात होता. त्याचं उत्तर आज देणार आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या मुलांची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या जिल्ह्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. आपले जुने लोक आजही चंद्रपूर-गडचिरोलीला मिळून 'चांदा' म्हणतात. १९८२ सालापर्यंत हा एकच जिल्हा होता.

शासनाचा आदिवासी विकास विभाग आश्रमशाळा चालवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलं तिथेच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच शिकतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशा आश्रमशाळांमधली मुलं 'मिशन शौर्य' या मोहिमेसाठी निवडली गेली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशा ठिकाणी त्यांना नेलं. दोर कसा धरायचा, बर्फात पाय कसा रोवायचा, पाठीवर वजन घेऊन श्वास कसा राखायचा, हे सगळं शिकवलं. आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण ८,८४८ मीटर उंचीच्या त्या शिखरावर उभे राहिले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या पाचही जणांची नावं घेतली.

जरा विचार करा. मे महिन्यात आपल्या चंद्रपुरात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यातली मुलं अशा ठिकाणी उभी होती, जिथे हातमोजा काढला तर बोटं गमवावी लागतात, आणि जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश उरतो. ही मुलं आपल्यातल्या कुणाच्या शेजारच्या गावची असतील. त्यांच्या घरी हिमालयाचा फोटोही नसेल.

त्यांच्या आधी, २०१४ च्या मे महिन्यात, तेलंगणातल्या निजामाबाद भागातली मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी एव्हरेस्टवर पोचली होती. ती शासनाच्या निवासी शाळेत शिकत होती. तिला चौदावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. आपल्या राजुऱ्याहून ओलांडलं की तेलंगणाच लागतो. म्हणजे हे काही परक्या मुलखातलं नवल नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी भाषणांमध्ये बहुधा राहून जाते. चंद्रपूरच्या त्या चमूत विद्यार्थी दहा होते. शिखरावर पाच पोचले. उरलेले पाच वाटेतून मागे फिरले.

त्या पाचांनीही तेच प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांनीही लेहच्या थंडीत रात्री काढल्या होत्या. त्यांच्याही आया घरी तशाच काळजी करत होत्या. आपण पाच नावं पाठ केली. बाकीच्या पाचांना आपण 'आणखी पाच' म्हणतो.

गिर्यारोहणाचा इतिहास जाणणारे लोक असं करत नाहीत. १९५३ सालची गोष्ट आहे. तेनसिंग आणि हिलरी २९ मे रोजी पहिल्यांदा शिखरावर पोचले, हे शाळेत शिकवतात. पण त्याच मोहिमेत तीन दिवस आधी, २६ मे रोजी, बोर्डिलन आणि इव्हान्स नावाचे दोघे वर गेले होते. शिखर सुमारे शंभर मीटर उरलं होतं. प्राणवायूच्या यंत्राने त्रास दिला होता, अंगातली ताकद संपत आली होती, वेळ उलटून गेली होती. ते मागे फिरले आणि जिवंत खाली आले. पुढची वाट कशी आहे हे त्यांनी पाहिलं होतं, ते मागून जाणाऱ्यांच्या कामी आलं. खुद्द तेनसिंगची ती एव्हरेस्टवरची सातवी मोहीम होती. म्हणजे आधीच्या सहा वेळा तो न पोचताच खाली आला होता. एक वर्ष आधी तर साडेआठ हजार मीटरच्याही वर जाऊन परतला होता. त्या वेळी कुणी त्याला म्हटलं असतं, "तू हरलास, आता भार वाहायलाही येऊ नकोस," तर?

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगायला जड जाते, पण सांगितली पाहिजे.

२०१८ च्या जून महिन्यात शाळा उघडल्या तेव्हा मी वर्तमानपत्रातलं त्या पाच मुलांचं कात्रण वसतिगृहाच्या जेवणघराच्या भिंतीवर लावलं. मुलांना सांगितलं, "बघा, हे तुमच्यासारखेच आहेत. यांना जमतं तर तुम्हाला का नाही?" मुलं खूश झाली. मीही खूश झालो. हिवाळ्यात मी पहाटेचं धावणं सुरू केलं. वसतिगृहापासून नाल्यापर्यंत आणि परत. पेपरातली गोष्ट आपल्याकडेही घडवायची, असं मनात होतं.

डिसेंबर महिना होता. धानाची कापणी आटोपलेली, बांध्या रिकाम्या, आणि पहाटे तोंडातून वाफ निघत होती. आठवीतला एक माडिया मुलगा रोज मागे राहायचा. त्या दिवशी तर नाल्याजवळ खालीच बसला. म्हणाला, "सर, हाडं दुखतात जी." मी म्हणालो, "बाकीच्यांना हाडं नाहीत का? तुझ्यासारखीच पोरं एव्हरेस्टवर चढली." सगळ्यांसमोर त्याला आळशी म्हणालो. आणि शिक्षा म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. त्याने मारल्या. काही बोलला नाही.

रात्री त्याला ताप भरला. पाय आणि पाठ इतकी दुखत होती की पांघरूण अंगाला लागलं तरी कण्हत होता. जीप करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचे पिवळसर डोळे पाहिले आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

झालेली नव्हती. मी कधी करून घेतलीच नव्हती.

बंधू-भगिनींनो, सिकलसेल काय आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकात रक्त तपासून दाखवून दिलं होतं की हा आजार आपल्या आदिवासी गावांमध्ये आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष गुण आला तर मूल आजारी होतं. एकाकडूनच आला तर मूल वाहक असतं, आणि वाहक बहुधा धडधाकट असतो. आजारी मुलाच्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात, आणि मग हाडं फुटल्यासारख्या वेदना होतात. हे केव्हा वाढतं? थंडी लागली की, अंगातलं पाणी कमी झालं की, आणि झेपत नसताना शरीराला राबवलं की. मी त्या मुलाला डिसेंबरच्या पहाटे, उपाशीपोटी, पाणी न देता, शिक्षा म्हणून पळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची माय आली. गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत पायी, तिथून एसटीने. तिला मराठी थोडीच येते. मी मान खाली घालून उभा होतो. तिने पोराच्या कपाळावर हात ठेवला, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जेवले का जी?" मी रात्रभर तिथे बसून होतो हे तिला नर्सबाईंनी सांगितलं होतं. का बसून होतो, ते मीच तिला सांगितलं. एका आरोग्यसेविकेने माडियात समजावून दिलं. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली की, त्याची मोठी बहीणही असंच हाडं दुखतात म्हणत गेली, आणि तिच्या वेळी कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी भिंतीवरचं कात्रण काढून टाकलं नाही. त्यात त्या पाच मुलांचा काय दोष? त्यांची गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. दोष माझा होता. चांगल्या गोष्टीची मी काठी केली होती.

धावण्याचा विषय निघाला की आपण मंडळीत पौलाची पत्रं काढतो. बक्षीस, मुकुट, शर्यत. ते खरंच आहे. पण त्या दिवसांत मला उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायातला याकोब आठवत राहिला. वीस वर्षांनी भाऊ भेटला आहे. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. त्याचं कारण असं की बरोबर लहान लेकरं आहेत, दूध पाजणारी जनावरं आहेत. एक दिवस जरी फार हाकललं तरी कळप मरेल. म्हणून तू पुढे हो, मी लेकरांच्या चालीने हळूहळू येतो. धर्मशास्त्राच्या पदविकेला असताना हा अध्याय मी परीक्षेसाठी वाचला होता. वसतिगृह चालवणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे, हे कळायला मला दवाखान्याचा बाक लागला.

आपण आदिवासी मुलांबद्दल एक वाक्य नेहमी बोलतो: "ही जंगलातली मुलं, जात्याच काटक असतात." मीही बोलायचो. त्यात थोडं खरं आहे. जी मुलगी रोज डोक्यावर पाणी आणते, मोहफुलं वेचायला पहाटे उठते, शाळेसाठी मैलोगणती चालते, तिचे पाय आणि छाती मजबूत होतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच एक आदिवासी मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि सोन्यापासून ती एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे होती. २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये ती मॅरेथॉन धावली.

पण सावरपाड्याच्या वाटांवर चालणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. कविताला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले, ज्यांनी वर्षानुवर्षं तिच्यामागे उभं राहून तिला घडवलं. एव्हरेस्टच्या मुलांमागेही महिनोन्महिन्यांचं प्रशिक्षण होतं, डॉक्टर होते, शेर्पा होते, शासनाचा पैसा होता. जंगलाने दिलेला काटकपणा एकटा कुणाला शिखरावर नेत नाही. आणि त्याच जंगलात कुपोषण आहे, हिवताप आहे, सिकलसेल आहे. 'जात्याच काटक' असं म्हटलं की तपासणी करायची आठवण राहत नाही. माझी राहिली नव्हती.

आपल्यापैकी बरेच जण एरिक लिडेलची गोष्ट शब्बाथ शाळेत ऐकत मोठे झाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून तो धावला नाही, आणि मग चारशे मीटरचं सुवर्णपदक जिंकला. इथे गोष्ट संपवतात. पुढचं फार थोडे सांगतात. पुढच्याच वर्षी तो मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धात जपान्यांनी त्याला इतर परदेशी लोकांबरोबर वेइशियनच्या छावणीत कोंडलं. तिथे आईवडिलांपासून तुटलेली मुलं होती. तो त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा. रविवारी मुलं आपापसांत भांडू लागली, तेव्हा हाच माणूस, ज्याने रविवारसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली होती, रविवारी मैदानात पंच म्हणून उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथेच, मेंदूतल्या गाठीने, तो वारला. सुटका आणखी सहा महिन्यांवर होती. त्याचं पदक मला आवडतं. पण छावणीतल्या धुळीत शिट्टी घेऊन उभा असलेला लिडेल मला जास्त जवळचा वाटतो.

तर काकूंच्या प्रश्नाचं उत्तर.

काकू, आपल्या वसतिगृहातून एव्हरेस्टवर कुणी गेलेलं नाही. पण त्या डिसेंबरनंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. आता जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची आरोग्य विभागाकडून सिकलसेलची तपासणी होते. २०२३ पासून केंद्र सरकारनेही सिकलसेल निर्मूलनाची मोहीम हाती घेतली आहे, त्यामुळे हे काम सोपं झालं आहे. ज्यांना आजार आहे त्यांची औषधं वेळेवर दिली जातात, त्यांच्याजवळ पाण्याची बाटली असते, हिवाळ्यात स्वेटर असतो, आणि "दुखतं" असं मुलाने म्हटलं की ते खरं मानायचं, हा वसतिगृहाचा नियम आहे. पहाटेचं धावणं आम्ही बंद केलं नाही. ते आता ऊन आल्यावर होतं, खाऊन होतं, आणि ज्याला जेवढं झेपेल तेवढं होतं. आमच्या दोन मुली गेल्या वर्षी जिल्हास्तरापर्यंत धावल्या. परत आल्या तेव्हा पदक नव्हतं. आम्ही भजी तळली.

आणखी एक. गेल्या वर्षी दहावीला आमची तीन मुलं नापास झाली. पूर्वी अशी मुलं सामान उचलून गावी जात, आणि तेंदूपत्त्याच्या नाहीतर रोवणीच्या कामाला लागत. त्यांची नावं आमच्या वार्तापत्रातही येत नसत, कारण आम्ही फक्त पास झालेल्यांचे फोटो छापायचो. ही वार्तापत्राची तक्रार नाही, फोटो मीच पाठवायचो. या वेळी मी आणि आमच्या शिक्षिकाबाई तिघांच्याही गावी गेलो. एका गावाला नाल्याला पूर होता, तर डोंग्यातून गेलो. दोघं परत आले, फेरपरीक्षेला बसले, एक पास झाला. तिसरा म्हणाला, "मी शेतीच करतो जी." ठीक आहे. त्याच्याकडेही आम्ही दिवाळीत जाऊन आलो.

तुमच्या दानातून हे होतं. पदकांची यादी मी तुम्हाला देऊ शकत नाही. जीपचं डिझेल, रक्ततपासणीसाठीच्या फेऱ्या, वाढत्या पायांसाठी दरवर्षी बदलावे लागणारे बूट, नापास मुलाच्या गावापर्यंतचं एसटीचं तिकीट, असा हिशोब देऊ शकतो. तो कार्यालयात ठेवला आहे, जरूर पाहा.

आणि तो मुलगा? तो आज इथे आहे. त्याचं शालेय शिक्षण पूर्ण झालं आहे. ही गोष्ट सांगू का असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "सांगा, पण नाव नका घेऊ जी." म्हणून नाव घेत नाही. गेली तीन वर्षं आमच्या क्रीडादिनी वेळ मोजायचं घड्याळ त्याच्याच हातात असतं. शेवटचा मुलगा रेषेच्या आत येईपर्यंत तो ते थांबवत नाही. पहिल्या वर्षी मी म्हणालो, "अरे, पहिले तीन आले की बस." तो म्हणाला, "सर, तो अजून पळते ना."

प्रार्थनेत आमची आठवण ठेवा. विशेषतः तीन विषयांसाठी: सिकलसेल असलेल्या आमच्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, या वर्षी दहावीला बसणाऱ्यांसाठी, आणि आम्हा मोठ्यांसाठी, की आम्हाला लेकरांच्या चालीने चालता यावं.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.